पीपीएमचा घोळ, ईसीचा हिशेब

टोमॅटोला खत पुरवणाऱ्या एकाच टाकीत द्रावणाची ताकद मोजणारे तीन वेगवेगळ्या बनावटीचे पेन बुडवले, तर पहिला 1000 दाखवू शकतो, दुसरा 1280 आणि तिसरा 1400. तिन्ही नवेकोरे, तिन्ही व्यवस्थित चालणारे, आणि तिन्हींच्या पडद्यावर आकड्याशेजारी लिहिलेलं एकच: पीपीएम. टाकीतलं पाणी तेच, त्यात विरघळलेलं खतही तेच. दुकानदाराला विचारलं तर महागातला पेन बरोबर, असं तो बहुधा सांगेल. प्रत्यक्षात तिन्ही पेननी पाण्यात मोजलेली गोष्ट अगदी सारखी असते. गडबड होते ती मोजून झाल्यावर, पेनच्या पोटात.

मातीत शेती करणाऱ्याला असला घोळ एकवेळ परवडतो. खताची मूठ जरा सैल सुटली, तरी काळी माती बरंचसं धरून ठेवते, काही पावसाबरोबर वाहून जातं आणि उरलेलं पिकाला हळूहळू मिळत राहतं. हायड्रोपोनिक्समध्ये मुळं थेट द्रावणात लोंबकळत असतात, नाहीतर कोकोपीटच्या छोट्याशा पिशवीत कोंबलेली असतात. चूक पोटात घालायला तिथे माती नसते. द्रावण पातळ झालं की पानं फिकी पडतात आणि वाढ रेंगाळते. घट्ट झालं की मुळांना पाणी ओढणंच जड जातं, पानांच्या कडा करपतात आणि टाकी काठोकाठ भरलेली असतानाही भरदुपारी रोप मान टाकतं. म्हणून द्रावणाची ताकद रोज मोजायची असते. ती कशात मोजायची, हे मात्र एकदाच आणि सुरुवातीलाच ठरवलेलं बरं.

पेनच्या टोकाशी दोन छोटे इलेक्ट्रोड असतात. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. खताचे क्षार विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण सुटे होतात आणि ते वीज वाहून नेतात. क्षार जितके जास्त, तितकी वीज सहज जाते. ही कल्पना स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने 1884 मध्ये उप्साला विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली. परीक्षकांनी तिला जेमतेम उत्तीर्ण होण्याइतपत श्रेणी दिली. पुढे 1903 मध्ये त्याच कामाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोजायची रीत मात्र त्याच्याही आधीची. बॅटरीचा एकदिश प्रवाह पाण्यातून सोडला की इलेक्ट्रोडवर थर जमतो आणि आकडा सरकत राहतो, ही अडचण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश यांनी प्रत्यावर्ती प्रवाह वापरून सोडवली. आजच्या चारशे-पाचशे रुपयांच्या पेनमध्येही तीच युक्ती असते.

या मोजणीतून मिळते ती विद्युत वाहकता. पॉलिहाउसवाल्यांच्या रोजच्या बोलण्यात ती ‘ईसी’. तिचं एकक मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर. माती परीक्षणाच्या अहवालात ती डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये लिहितात आणि जुन्या पुस्तकांत मिलिम्होमध्ये, पण आकडा तिन्हींत तोच राहतो. घरगुती पेन मायक्रोसीमेन्स दाखवत असेल तर 1000 ने भागायचं. सर्वसाधारणपणे लेट्यूससारख्या पालेभाजीला 1 ते 1.6 ईसी पुरते, स्ट्रॉबेरीला 1 ते 1.5 आणि फळांवर आलेल्या टोमॅटोला 2 ते 3.5 लागते. कोवळ्या रोपांना याच्या निम्म्यावर ठेवतात. जात, हवामान आणि पद्धत यांनुसार हे आकडे थोडेफार हलतात.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. घोळ घालतो तो पेनमधला एक छोटासा गुणाकार. वाहकता मोजून झाल्यावर ‘एवढ्या वाहकतेला पाण्यात क्षार किती असतील?’ असा अंदाज पेन बांधतो आणि त्यालाच टीडीएस किंवा पीपीएम म्हणून दाखवतो. पाण्यात फक्त मीठ आहे असं धरलं, तर ईसीला सुमारे 500 ने गुणलं की काम भागतं. नद्या-विहिरींच्या पाण्याचा नमुना म्हणून अमेरिकेत 40 टक्के सोडियम सल्फेट, 40 टक्के सोडियम बायकार्बोनेट आणि 20 टक्के मीठ असं मिश्रण ठरवलं गेलं. ते ‘442’ या नावाने ओळखलं जातं आणि त्याच्यासाठी सुमारे 700 ने गुणतात. काही उत्पादकांनी मधला 640 पकडला. म्हणजे 2 ईसीच्या टाकीचे 1000, 1280 आणि 1400 झाले ते असे. यातली गंमत अशी की टोमॅटोच्या टाकीत ना मिठाचं पाणी असतं, ना नदीचं. तिथे कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट असतं, आणि त्यांच्यासाठी तिन्हींपैकी एकही गुणक बनवलेला नाही.

हे किती बिनसू शकतं, ते एका प्रसिद्ध द्रावणावरून दिसतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रात विल्यम गेरिके यांनी 1930 च्या दशकात पाण्यावर वाढवलेले उंचच उंच टोमॅटो दाखवून लोकांना थक्क केलं आणि 1937 मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव छापून आणलं. त्यांच्याच विद्यापीठातले डेनिस होगलँड आणि डॅनियल आर्नन यांनी 1938 मध्ये एका छोट्या पुस्तिकेतून त्या गाजावाजाला शास्त्राची चौकट दिली. जगभरच्या प्रयोगशाळा आजही वापरतात ते ‘होगलँड द्रावण’ त्या परंपरेतलं. त्याच्या एका नेहमीच्या पाककृतीत लिटरमागे नत्र 210 मिलिग्रॅम, पालाश 235, कॅल्शियम 200, स्फुरद 31, गंधक 64 आणि मॅग्नेशियम 48 असतं. या मूलद्रव्यांची बेरीज लिटरमागे 788 मिलिग्रॅम, म्हणजेच 788 पीपीएम होते.

पण नत्र काही एकटं विरघळत नाही. ते नायट्रेटच्या रूपात येतं आणि बरोबर ऑक्सिजनचं ओझं आणतं. फॉस्फेट आणि सल्फेटचंही तेच. सगळ्या क्षारांचं मिळून वजन केलं तर त्याच लिटरभर पाण्यात सुमारे 1,700 मिलिग्रॅम ऐवज भरतो. आता या द्रावणात पेन बुडवायचा. त्याची ईसी 2 च्या किंचित वर असते, म्हणजे एका पेनवर हजाराच्या जरासं वर, दुसऱ्यावर चौदाशेच्या वर. एकाच लिटरचे हे चार आकडे, चौघांचंही आडनाव पीपीएम! खताच्या पाककृतीत लिहिलेलं ‘नत्र 210 पीपीएम’ हे खरं वजन असतं आणि पेनवरचा पीपीएम हा अंदाज. पहिला आकडा पेनवर शोधत बसण्यात अर्थ नाही.

विरघळलेल्या क्षारांचं वजन खरोखर करायचं असेल, तर प्रयोगशाळेत पाणी गाळून घेतात, आटवतात, उरलेला साका 180 अंश सेल्सियसला वाळवतात आणि तागडीवर ठेवतात. अर्धा दिवस त्यातच जातो. भाजीवाल्याला तेवढी उसंत नसते, म्हणून तर वाहकतेचा आडमार्ग आला.

कोणत्या देशातल्या लेखकाने पुस्तक लिहिलं आहे यावर त्यातला आकडा बदलतो. अमेरिकेतल्या छंदिष्टांच्या पुस्तकांत पीपीएमचं राज्य, आणि कुठला गुणक धरला हे बरेचदा लिहिलेलंच नसतं. नेदरलँड्सच्या काचगृहांत ईसी. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या जुन्या माहितीपत्रकांत ‘सीएफ’ नावाचं एक माप सापडतं. ते म्हणजे ईसीची दहापट, दशांशचिन्ह टाळण्यासाठी केलेली सोय. न्यूझीलंडच्या ब्लूलॅब कंपनीने या सगळ्यांवर तोडगा म्हणून ‘ट्रंचन’ नावाची एक काठी बनवली. तिला आकड्यांचा पडदा नाही. टोक द्रावणात बुडवलं की दांड्यावरचे दिवे लागतात आणि दिव्यांशेजारी ईसी, सीएफ, 500 चा पीपीएम आणि 700 चा पीपीएम असे चारही रकाने छापलेले असतात. एका दृष्टीने ती काठी म्हणजे या क्षेत्रातल्या गोंधळाची कबुलीच आहे.

समजा 700 वाल्या पुस्तकात स्ट्रॉबेरीसाठी 1000 पीपीएम सांगितलं आहे. म्हणजे ईसी 1.4 च्या आसपास, ठीक. तेच पुस्तक वाचणाऱ्याच्या हातात 500 वाला पेन असेल, तर 1000 दिसेपर्यंत तो खत ओततच राहणार आणि ईसी 2 ला नेऊन ठेवणार. चाळीस टक्के जास्त, तेही क्षारांबाबत नाजूक असलेल्या पिकाला. पानांच्या कडा तपकिरी झाल्या की मग तो बुरशीनाशक शोधायला बाहेर पडतो.

तेव्हा निवड अवघड नाही: ईसीत मोजावं, ईसीत लिहावं, आणि दुसऱ्याने पीपीएम सांगितला तर ‘पाचशेचा की सातशेचा?’ असं आधी विचारावं. उत्तर आलं नाही तर तो आकडा सोडून द्यावा. ईसी हा अंदाज नसून मोजलेला आकडा आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ईसी परकी नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवरच्या बारा बाबींमध्ये सामू आणि सेंद्रिय कर्बाबरोबर विद्युत वाहकताही असते. ती मातीत पाणी कालवून काढलेली असल्यामुळे टाकीतल्या आकड्याशी तुलना करायची नसते, पण एकक ओळखीचं आहे. शहरी गच्चीवर मात्र मापनाची सुरुवात बहुधा आरओ फिल्टरबरोबर आलेल्या टीडीएस पेनने होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या घन पदार्थांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, त्यामुळे या पेनना पीपीएमचीच भाषा शिकवलेली असते. हा पेन फेकून द्यायची गरज नाही. त्यातल्या बऱ्याच पेनना बटण दाबून ईसीवर जाता येतं. एकाच पाण्याचे दोन्ही आकडे घेतले आणि पीपीएमला मिलिसीमेन्सने भागलं की आपला पेन पाचशेचा आहे की सातशेचा ते लगेच कळतं.

खत घालण्याआधी कोरं पाणी मोजायला लोक विसरतात. मुंबईच्या नळाला येणारं तलावांचं पाणी मऊ असतं, त्याची ईसी किरकोळ. पठारावरच्या बोअरवेलचं पाणी खत पडायच्या आधीच 0.8 किंवा 1 दाखवू शकतं. टोमॅटोसाठी 2 चं लक्ष्य असेल तर त्यातली निम्मी जागा आधीच भरलेली असते. त्या भरलेल्या जागेत कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर निदान पिकाच्या कामी येतं आणि तेवढं कॅल्शियम नायट्रेट वाचतं. सोडियम आणि क्लोराइड असेल तर नुसती अडगळ. पेनला हा फरक कळत नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना एकदा प्रयोगशाळेतच द्यावा लागतो आणि जड पाणी निघालं तर पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळावं लागतं.

ईसीची खरी मर्यादा इथून सुरू होते. बाजारातून आणलेली पिशवी काट्यावर ठेवली तर पाच किलो आहे एवढं कळतं, आत सगळे बटाटेच आहेत की भाजीही आहे ते कळत नाही; ईसीचं तसंच आहे. शिवाय सगळे क्षार सारखी वीजही वाहत नाहीत. तेवढ्याच वजनाचं पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे दुकानातलं ‘तेरा झिरो पंचेचाळीस’, टाकीत पडलं तर ईसी मॅग्नेशियम सल्फेटच्या जवळजवळ दुप्पट चढते.

आणि एक खत तर पेनला मुळीच दिसत नाही. यूरिया. त्याचा रेणू पाण्यात विरघळतो पण भारित कणांत फुटत नाही, त्यामुळे वीज वाहत नाही. बादलीभर पाण्यात मूठभर यूरिया ढवळला तरी आकडा जागचा हलत नाही. ठिबकमधून विद्राव्य खतं देण्याचा सराव असलेला शेतकरी हायड्रोपोनिक्सकडे वळतो तेव्हा नेमका इथे फसतो, कारण हाताशी असलेल्या 19:19:19 मधल्या नत्राचा मोठा हिस्सा बहुतेकदा यूरियाच्या रूपात असतो. पिशवीच्या मागे बारीक अक्षरात अमाइड नत्र म्हणून ते लिहिलेलं असतं. ईसी कमी दिसते म्हणून तो आणखी खत घालतो. मातीत जिवाणू यूरियाचं अमोनियम आणि मग नायट्रेट करून देतात. स्वच्छ टाकीत ते काम नीट होत नाही, आणि झालं तर चार दिवसांनी ईसी आपोआप चढल्यासारखी वाटते. ‘झिरो बावन्न चौतीस’, कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांना असा आडपडदा नाही. फक्त कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट द्रावण फॉस्फेट आणि सल्फेटच्या घट्ट द्रावणात मिसळायचं नाही, नाहीतर तळाशी पांढरा साका बसतो. म्हणून ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन कॅन असतात. साका बसला की तेवढे क्षार द्रावणातून गेले आणि ईसीही उतरते. कॅनवरच्या मापाने ओतूनही आकडा कमी आला तर आधी तळ पाहावा.

एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त सांगते. सकाळी 1.8 होती आणि संध्याकाळी 2.1 झाली, तर रोपांनी खतापेक्षा पाणी जास्त प्यायलं आहे. एप्रिल-मे महिन्यात पुण्याच्या गच्चीवर हे रोजचंच. तिथे टाकीत साधं पाणी घालायचं असतं. पाण्याची पातळी घटली आणि ईसीही उतरली, तर पीक भुकेलं आहे. दोन्ही सारख्या गतीने संपत असतील तर द्रावणाची ताकद पिकाला मानवली असं धरायला हरकत नाही.

फिरत्या पाण्याच्या पद्धतीत मात्र स्थिर आकडाही फसवतो. पीक नत्र आणि पालाश भराभर उचलतं, तर कॅल्शियम, सल्फेट आणि विशेषतः सोडियम मागे साचत जातं. रोज भर घालून ईसी 2 वर ठेवली तरी काही आठवड्यांनी त्या 2 मधलं बरंचसं नको असलेलं असतं. डच बागायतदार म्हणून ठरावीक काळाने निचऱ्याचं पाणी प्रयोगशाळेत पाठवतात आणि प्रत्येक मूलद्रव्याचा आकडा पाहून पाककृती बदलतात. नायट्रेट किंवा पोटॅशियम वेगळं मोजणारे इलेक्ट्रोडही मिळतात, पण ते महाग असतात, वरचेवर जुळवावे लागतात आणि फार टिकत नाहीत. गच्चीवरच्या वीस-तीस लिटरच्या टाकीला त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी पाणी बदलणं स्वस्त पडतं. जुनं पाणी कुंड्यांना घालता येतं.

ईसी जास्त म्हणजे वाईटच, असंही नाही. जपानमधल्या कोची शहरालगतच्या तोकुतानी भागात 1970 च्या वादळात बांध फुटून समुद्राचं पाणी शेतात शिरलं. पुढे त्या खारावलेल्या जमिनीत टोमॅटो आले ते लहान, पण कमालीचे गोड. आज ‘तोकुतानी टोमॅटो’ तिथे चढ्या भावाने विकला जातो. खारट पाण्यामुळे मुळांना पाणी कमी ओढता येतं, फळ फुगत नाही आणि त्यातली साखर दाट होते. हायड्रोपोनिक्सवाले हेच हिशेबाने करतात: फळं धरल्यावर ईसी चढवत नेतात. त्याची किंमतही मोजावी लागते. उतारा घटतो, आणि कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचलं नाही तर बूड काळं पडून सडतं. म्हणून गोडव्याचा जास्तीचा भाव मिळणार असेल तरच हा खेळ करावा.

पेनची निगा हा कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. तापमान एक अंशाने चढलं की वाहकता सुमारे 2 टक्क्यांनी वाढते, म्हणून सगळे आकडे 25 अंशांवर आणून सांगण्याची पद्धत आहे. ही दुरुस्ती न करणारा पेन 35 अंशांच्या तापलेल्या टाकीत 2 च्या जागी 2.4 दाखवेल. दुरुस्ती करणाऱ्या पेनलाही अर्धा मिनिट पाण्यात राहू द्यावं लागतं. अचूकता तपासायला 1413 मायक्रोसीमेन्सचं प्रमाण द्रावण पुड्यांत मिळतं. ते पोटॅशियम क्लोराइडचं असतं, लिटरला साधारण 745 मिलिग्रॅम. त्यात 500 वाला पेन 706 दाखवतो आणि 700 वाला 989. पुडी एकदा फोडली की वापरलेलं पाणी परत तिच्यात ओतायचं नाही. सामू मोजणाऱ्या पेनचं टोक ओलं ठेवावं लागतं. ईसीचं धुऊन कोरडं ठेवलं तरी चालतं, फक्त इलेक्ट्रोडला बोटं लावू नयेत, कारण बोटांचं तेल वीज अडवतं.

मोठ्या पॉलिहाउसमध्ये हे काम यंत्राकडे असतं. नळीतच बसवलेला इलेक्ट्रोड सतत ईसी वाचतो आणि ठरवलेल्या आकड्याखाली गेली की ‘ए’ आणि ‘बी’ कॅनचे पंप आपोआप चालू होतात. या इलेक्ट्रोडवर चुन्याचा थर चढला की तो खऱ्यापेक्षा कमी वाचू लागतो, आणि यंत्र बिचारं प्रामाणिकपणे खत ओतत राहतं. म्हणून लाखोंची यंत्रणा बसवलेल्या जागीही देखरेखीवरचा माणूस सकाळच्या फेरीत खिशातला पेन काढतो, टाकीचं पाणी कपात घेऊन मोजतो आणि यंत्रावरच्या आकड्याशेजारी तो वहीत उतरवतो. दोन्हींमध्ये दशांशापेक्षा जास्त तफावत आली की पंप बंद करून इलेक्ट्रोड सौम्य आम्लात बुडवून ठेवतात.